वरून पडणारी लाथ: एका नेर्यो चागीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याच क्लबातलं आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्या आहेत. मुलीचं नाव इथे ऋता ठेवतो. खरं नाव, गाव, वर्ष आणि स्पर्धेची ठिकाणं मुद्दाम गाळली आहेत. मजकूर तिने आणि तिच्या आईने वाचला आहे. आईने दोन वाक्यं काढायला लावली, ऋताने एक घालायला लावलं.

आमचा क्लब तालुक्याच्या गावात आहे. शाळेचा हॉल, संध्याकाळी सहा ते आठ, निळ्या-लाल मॅट, पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली. ऋता नऊ वर्षांची असताना आली. अंगाने सडपातळ, पाय लांब, आणि लवचिकता इतकी की पहिल्याच महिन्यात ती भिंतीला पाठ लावून पाय कानापर्यंत नेऊन दाखवायची. अशी मुलगी हाती लागली की कुठल्याही तायक्वांदो कोचच्या डोक्यात पहिला शब्द येतो तो नेर्यो. कोरियन भाषेत ‘नेर्यो चागी’ म्हणजे खाली येणारी लाथ. पाय सरळ वर जातो आणि कुऱ्हाडीसारखा खाली येतो, म्हणून इंग्रजी नाव ॲक्स किक. पोरं ‘ॲक्स’ एवढंच म्हणतात.

मीही तेच केलं. बारा-तेराव्या वर्षापासून तिचा खेळ पुढच्या पायाच्या नेर्योभोवती बांधला. जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या शालेय स्पर्धांत हे धडाक्यात चाललं. तिथे आमच्याकडे गुण हाताने दिले जात. कोपऱ्यांत तीन पंच, हातात बटणं, आणि तिघांपैकी दोघांनी एकाच वेळी दाबलं की गुण. आता पंचाच्या खुर्चीत बसून बघा. लांब पायाची मुलगी, पाय समोरच्या मुलीच्या डोक्याच्या वर गेलेला, खाली येताना टाच चेहऱ्याजवळून जाते, समोरची मागे झुकते, हॉलमध्ये ‘ओऽऽ’ होतं. बटण दाबलं जातंच. डोक्यावरच्या किकला तीन गुण असतात. छातीवरच्या साध्या किकला दोन, छातीवर गिरकी घेऊन मारलेल्या किकला चार, आणि तीच गिरकी डोक्यावर लागली तर पाच. आठवीत तिने जिल्ह्याचं सुवर्ण जवळजवळ एकट्या नेर्योवर आणलं. क्लबच्या फलकावर तिचा जो फोटो लागला, त्यातही पाय आकाशात.

तेव्हा विचारायला हवा होता असा प्रश्न मी विचारला नाही: हे गुण किकचे होते की देखाव्याचे?

अडचण उघडी पडली ती राज्य स्पर्धेत

नववीत ती सतरा वर्षांखालच्या गटात राज्य स्पर्धेला गेली, ४९ किलोखालच्या वजनात. तिथे इलेक्ट्रॉनिक चेस्टगार्ड आणि इलेक्ट्रॉनिक हेडगार्ड होते. ऑलिम्पिकमध्ये सेन्सरचं चेस्टगार्ड २०१२ च्या लंडन स्पर्धेत आलं. डोक्याचे गुण तेव्हाही पंचच देत. सेन्सरचं हेडगार्ड २०१६ मध्ये रिओत आलं. आमच्या क्लबात दोन्हींपैकी काहीच नव्हतं. एक संच भाड्याने आणून पोरांना एकदा घालून दाखवला होता, तेवढीच ओळख.

पहिलीच लढत. सामना तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याचा, प्रत्येक फेरी दोन मिनिटांची. ऋता चुंग, म्हणजे निळी. ‘शिजाक’ (सुरू करा) झालं आणि तिने पाचव्या सेकंदाला नेर्यो घातली. पाय वर गेला, खाली आला, तळवा समोरच्या मुलीच्या नाकावरून सरकला. फलकावर शून्य. पुन्हा घातली, या वेळी खांद्यावर पडली. शून्य. तिसऱ्या वेळी समोरच्या मुलीने काय ओळखायचं ते ओळखलं होतं. पाय वर जाताच ती मागे न झुकता सरळ आत शिरली. ऋताची पोटरी तिच्या खांद्यावर अडकली, एका पायावरचा तोल गेला, आणि ऋता मॅटवर. पडल्याबद्दल गामजोम, म्हणजे समोरच्या मुलीला फुकटचा एक गुण.

पहिली फेरी २-६. विश्रांतीच्या मिनिटात मी तिला काय सांगितलं ते क्लबातल्या पालकाच्या मोबाईलवर रेकॉर्ड झालं आहे, म्हणून नाकारता येत नाही: “अजून वर ने, वरून टाक, लागेल.” दुसऱ्या फेरीत तिने अजून वर नेली. एकदा हेडगार्डवर बसलीही, तीन गुण वाजले. पण त्यानंतरच्या नेर्योला समोरच्या मुलीने पाठ फिरवून बॅक किक मारली. एका पायावर उभ्या असलेल्या, छाती उघडी टाकलेल्या खेळाडूवर बॅक किक म्हणजे पोत्यावर मारल्यासारखी. चार गुण. फेरी ५-९. सामना संपला.

रात्री धर्मशाळेत मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि वहीत रेघा ओढल्या. दोन फेऱ्यांत नेर्यो अकरा. वाजली एक. तिच्या उरलेल्या चार गुणांसाठी साध्या दोल्यो चागी, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या लाथा, दोनच लागल्या होत्या.

का वाजली नाही, हे समजायला यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. हेडगार्डचे सेन्सर हेडगार्डमध्ये असतात, चेहरा उघडा असतो. नाकावरून सरकलेला तळवा पंचाला दिसतो, यंत्राला दिसत नाही. शिवाय यंत्राला मोज्यातला सेन्सरचा भाग टेकायला हवा आणि थोडा धक्काही बसायला हवा. पोटरी किंवा घोट्याचा वरचा भाग लागून उपयोग नाही. छातीवर पडली तर आणखी पंचाईत. चेस्टगार्डला वजनगटानुसार ठरलेला जोर आत जाणारा हवा असतो, आणि नेर्योचा जोर असतो खाली जाणारा. ती चेस्टगार्डवरून भिंतीवरच्या पालीसारखी घसरते. डोक्याच्या टाळूवर टाच सरळ पडली तर नक्की वाजेल, पण समोरची व्यक्ती तेवढा वेळ दगडासारखी उभी राहायला हवी.

सिडनीत २००० साली तायक्वांदो पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा लाथ छातीवर लागो की डोक्यावर, गुण एकच होता आणि तो माणसंच देत होती. माझ्या पिढीचे कोच त्या काळातल्या कॅसेट बघून शिकले. आम्ही नेर्यो शिकवत होतो ती त्या काळातली.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

घरी आल्यावर माझ्यासमोर दोन सरळ वाटा होत्या. किक बदलायची, किंवा आहे तीच किक अजून उंच, अजून वेगवान करायची. मी दुसरी निवडली. कारण सांगतो: मला ती किक आवडत होती. याहून शहाणं कारण माझ्याकडे नव्हतं.

क्लबातली मोठी पोरं अँडी हूगचे व्हिडिओ बघत. स्विस कराटेपटू, १९९६ ची के-वन ग्रां प्री ही किकबॉक्सिंगची स्पर्धा जिंकलेला, आणि नेर्यो म्हटलं की जगभर ज्याचं नाव निघतं तो. ‘सर, हूगची बघा कशी बसते.’ मीही बघत होतो. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणी बोललं नाही. त्या १९९६ च्या अंतिम लढतीत माइक बर्नार्डोला त्याने पाडलं ते नेर्योने नव्हे, गिरकी घेऊन मांडीवर मारलेल्या टाचेने. वर बघायची सवय लावून त्याने खाली मारलं. हे मला कळलं असतं तर पुढचे सात महिने वाचले असते.

जानेवारीपासून आम्ही ताण वाढवला. जमिनीवरचं स्प्लिट तिला सोपं होतं, म्हणून पुढची टाच खुर्चीवर ठेवून खाली दाबायचं. नंतर खुर्चीखाली दोन विटा. सरावाआधी, अंग थंड असताना, प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं. मग गुडघा पूर्ण सरळ ठेवून पन्नास नेर्यो उजव्या पायाने, पन्नास डाव्या. आठवड्यातून सहा दिवस.

हॉलच्या दाराच्या चौकटीवर आम्ही पोरांच्या उंचीच्या खुणा करतो, दर तीन महिन्यांनी, गंमत म्हणून. त्या वर्षी जून ते जानेवारी ऋता पाच सेंटीमीटर वाढली होती. खूण मीच केली होती, पेन्सिलीने, तारखेसकट. पाय लांबत होते आणि मांडीमागचे स्नायू त्या लांबीला अजून पुरे पडत नव्हते. तिची लवचिकता त्या काळात जराशी कमी झाली होती. मी त्याला आळस म्हणालो. ऋताने घालायला लावलेलं वाक्य हेच: “सर मला आळशी म्हणाले होते.”

एक छोटा प्रसंग याच दरम्यान घडला. स्पॅरिंगमध्ये मी तिला तेरा वर्षांच्या एका मुलासमोर उभं केलं. बुटका म्हणून, नेर्यो बसावी म्हणून. बसली. टाच नाकावर. रक्त आलं, पोरगा दोन सेकंद शून्यात बघत राहिला. त्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर चढू दिलं नाही, आईवडिलांना बोलावून डॉक्टरकडे पाठवलं, एवढं मात्र बरोबर केलं. पण ती जोडी लावणंच चूक होतं. नेर्योची टाच खाली येताना मारणाऱ्यालाही थांबवता येत नाही, कारण पायाचं अख्खं वजन तिच्यामागे असतं. किकबॉक्सिंगच्या वाको संघटनेच्या पॉइंट फायटिंगमध्ये ॲक्स किक चालते, पण फक्त तळव्याने. ते उगीच नाही. त्या दिवसानंतर क्लबात नियम झाला: सरावात घोटा ताणलेला, तळवा आधी, टाच कधीच नाही. आणि नेर्योच्या सरावाला उंचीत आणि वयात फार फरक असलेली जोडी नाही.

दुखणं

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऋता वर्गात एका कुल्ल्यावर बसायला लागली. हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. बाकावर बसलं की उजव्या बाजूला, बरोबर बसायच्या हाडापाशी टोचायचं. सरावात अंग तापलं की कमी व्हायचं, म्हणून तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. स्प्लिटमध्ये तिचा चेहरा वाकडा होताना बघितला होता आणि ‘होईल सवय’ म्हणालो होतो.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी स्पॅरिंगमध्ये तिने जोरात नेर्यो घातली आणि समोरच्याने ती वरच्या टोकाला असतानाच आत पाऊल टाकलं. तिला ‘टक्’ असा आवाज ऐकू आला. मला नाही आला. ती खाली बसली नाही, बसता येईना. उभीच राहिली, भिंतीला धरून.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण. हॉलमध्ये तीन मोठे लोक होते. एक जण म्हणाला, नस चढली असेल, गरम शेक द्या, चोळा. गावात चोळून देणारे चांगले आहेत, मीही पोरांना पाठवलं आहे. त्या दिवशी का कोण जाणे मी नको म्हणालो. बर्फ लावला, तिच्या आईला फोन केला, आणि संध्याकाळीच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. चोळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून टाळतो.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू बसायच्या हाडाला जोडलेले असतात. किशोरवयात तिथला वाढीचा भाग हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो. तो विशीच्या आसपास पक्का होतो. मोठ्या माणसात अशा हिसक्याने स्नायू फाटतो, या वयात स्नायू टिकतो आणि हाडाचा कोवळा तुकडाच सुटतो. ऋताचा सुटला होता, पण फार सरकला नव्हता, म्हणून शस्त्रक्रिया नको. कुबड्या, विश्रांती, मग व्यायाम, मग बघू. आईने विचारलं, “खेळणं कधी?” डॉक्टर म्हणाले, “महिने मोजा, आठवडे नाही.”

समोर असलेले पर्याय

आठवडाभराने ऋता, तिची आई आणि मी त्यांच्या घरच्या ओट्यावर बसलो. ऋता उशी घेऊन, तिरकी. मी चार गोष्टी मांडल्या, त्यातली एक मांडायला नको होती.

ती आधी सांगतो. मे महिन्यात संघटनेची निवड चाचणी होती, साधारण अकरा-बारा आठवड्यांवर. ‘महिने’ म्हणजे तीनही होतात, असं माझं गणित. नेर्यो न घालता, फक्त डाव्या पायाने खेळली तर? तिची आई काही बोलली नाही, पण तिच्या मनात दहावीचे क्रीडागुण होते हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी मुलगी दहावीला, आणि सहा वर्षं संध्याकाळी रिक्षाने ने-आण केली ती काय हौसेपोटी नव्हती. ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी गुण मोजावे लागत नाहीत त्यांनी यावर नाकं मुरडू नयेत.

दुसरा पर्याय नेर्यो कायमची सोडून द्यायची. डॉक्टरांना हाच पसंत होता, आणि शरीराच्या हिशेबाने तो सगळ्यात साधा. पण उंच, हलक्या मुलीकडून डोक्यावरची किक काढून घेतली तर समोरची बिनधास्त आत शिरते. मग तिची उंची उलटी तिच्या अंगावर येते.

तिसरा पर्याय माझ्या एका मित्राचा: वाकोत ने, तिथे सेन्सर नाहीत, पंच बघतात, हिची किक तिथे पिकेल. गोष्ट खोटी नव्हती. पण तिथे हाताचा खेळ मोठा, आणि ऋताने आयुष्यात ठोसा मारला तो नाइलाजाने. शिवाय दुखापत खेळ बदलून बरी होत नाही.

चौथा पर्याय मला धड मांडताही येत नव्हता. किक ठेवायची पण तिचं काम बदलायचं. गुण मिळवायला नाही, समोरचीला दारात अडवून धरायला.

बोललं शेवटी ऋतानेच. “सर, मेमध्ये मी खेळणार नाही. मला आधी बाकावर सरळ बसायचंय.” आईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी समजूत घालेन. मी गप्प बसलो, आणि या प्रकरणात माझ्या हातून झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट.

काय केलं

पहिले तीन आठवडे काहीच नाही. ती हॉलमध्ये यायची, खुर्चीत उशी टाकून बसायची, आणि मी तिच्याकडून व्हिडिओंमधल्या किका मोजून घ्यायचो. कोणती घातली, कोणती वाजली, घालताना समोरची पुढे आली की मागे गेली. एका महिन्यात तिने चाळीसेक लढती मोजल्या. तिच्या वहीतून जे निघालं ते मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. जिंकणाऱ्या मुली पुढचा पाय सतत उचलत होत्या, पण वरून फार क्वचित टाकत होत्या. पाय डोक्याला लागायचा तो बहुतेक क्लिंचमध्ये, अंगाला अंग भिडलेलं असताना, बाहेरून आत येणाऱ्या वळणाने हेडगार्डच्या कानापाशी. कुऱ्हाड नव्हे, विळा.

कुबड्या सुटल्यावर फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले: पाठीवर झोपून कंबर उचलणं, नंतर एका पायावर, नंतर कंबरेतून वाकून हलकं वजन उचलणं. ताण देणं सुरुवातीला पूर्ण बंद. हे मला पटवून घ्यायला वेळ लागला. लवचिकता जाईल ही भीती मला होती, तिला नव्हती. आठव्या आठवड्याला पुन्हा एक्स-रे. चौथ्या महिन्यात कंबरेच्या उंचीपर्यंत किक. साडेपाच महिने झाले, दोन्ही पायांची ताकद सारखी आली आणि कडक बाकावर तासभर बसून दुखेनासं झालं, तेव्हा डोक्याच्या उंचीला परवानगी.

किक बदलली ती मुळापासून. आधी पाय सरळ ताठ वर झोकायचा. हॅमस्ट्रिंग कंबर आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. गुडघा ताठ ठेवून कंबरेतून पाय झोकला की तो दोन्ही टोकांनी एकदम ताणला जातो, आणि सगळा हिसका वरच्या जोडावर. आता गुडघा वाकवून छातीकडे आणायचा, तेवढ्यात उभ्या पायाची टाच किंचित उचलून कंबर पुढे ढकलायची, आणि वर पोचल्यावरच गुडघा उघडायचा. उंची दहा-बारा सेंटीमीटरने कमी झाली. फोटो काढण्यासारखी राहिली नाही.

वाकवलेल्या गुडघ्याचा खरा फायदा मात्र वेगळाच निघाला. सरळ पाय वर गेला की तो खालीच येणार हे आंधळ्यालाही कळतं. वाकवलेल्या गुडघ्यातून काय निघेल हे कळत नाही. आम्ही एकाच गुडघ्यातून तीन वाटा बांधल्या. समोरची आत आली तर तिथूनच कट किक, पाय पोटात रोवून थांबवायचं. जागेवर उभी राहिली तर दोल्यो. मागे झुकली किंवा क्लिंचला येऊन डोकं पुढे दिलं तर, आणि तरच, पाय वरून किंवा बाहेरून. समोर मी उभा राहायचो, हातात पॅड. ‘गुडघा’ म्हणालो की उचलायचा आणि माझं पाऊल बघून ठरवायचं. सप्टेंबरपर्यंत रोज वीस मिनिटं हेच. कंटाळवाणं. दोन मुलींनी क्लब सोडला त्या काळात, आणि त्यांच्या मते इथे आता किक शिकवत नाहीत.

खर्चाचं एक काम बाकी होतं. आसपासच्या तीन क्लबांनी मिळून सेन्सर संच महिन्यातून दोन दिवस भाड्याने घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नेर्यो ‘मुक्या’ निघाल्या. मोठा समंजस आवाज असतो तो, न वाजणाऱ्या किकचा.

निकाल

दहावीच्या वर्षी ती जिल्हा आणि विभाग पार करून पुन्हा राज्याला गेली. जिल्ह्याला हाताचेच गुण होते आणि तिथे ती कशीबशी जिंकली, कारण पंचांना आता काही भव्य दिसत नव्हतं. हा तोटा खरा आहे आणि तो मी लपवत नाही.

राज्याला तीन लढती. पहिली दोन फेऱ्यांत जिंकली, दुसरी २-१, तिसरी १-२ ने हरली. पदक नाही. आठ फेऱ्यांत वरून किंवा बाहेरून टाकलेल्या किका नऊ, वाजल्या चार. त्यातल्या तीन क्लिंचमध्ये. बाकी गुण जवळजवळ सगळे दोल्यो आणि कट किकचे, आणि त्यातले बरेच अशा वेळी आले की समोरची डोकं वाचवायला मागे झुकली होती आणि पोट मोकळं पडलं होतं.

तिसऱ्या लढतीची शेवटची फेरी मात्र माझ्या पदरात घालावी लागेल. ६-६. वीसेक सेकंद उरलेले. समोरची मुलगी पुढे येत नव्हती, आणि मी खुर्चीतून ओरडलो, “पाय वर! पाय वर ठेव!” तिने ठेवला. हवेत. नियम असा आहे की तीन सेकंदांहून जास्त पाय हवेत धरून समोरच्याची वाट अडवली तर गामजोम. पंचांचा ‘काल्यो’ (थांबा) आला, ६-७. व्हिडिओ रिव्ह्यूचं कार्ड माझ्या हातात होतं, पण मागणार काय? सगळ्या हॉलने मला ओरडताना ऐकलं होतं. उरलेल्या वेळात तिने दोनदा आत जायचा प्रयत्न केला, वेळ संपली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “सर, आपण ‘गुडघा’ म्हणायचं ठरलं होतं.”

काय वेगळं करता आलं असतं

स्पर्धा कोणत्या पद्धतीने गुण मोजणार हे विचारायला एक फोन पुरला असता. तो मी आठवीतच करायला हवा होता, पदक यायला लागल्यावर तर नक्कीच. हरल्यावर माणूस हिशेब मांडतो. जिंकलेल्या लढतींत किती किका खरंच लागल्या हे मी कधी मोजलं नाही. जिल्ह्याचे जुने व्हिडिओ मागाहून बघितले तर त्यातल्या निम्म्या नेर्यो हवेतच होत्या.

दाराच्या चौकटीवरची खूण मी केली आणि वाचली नाही, हे जास्त बोचतं. वाढीच्या झपाट्यात मुलांचा ताण वाढवायचा नसतो, ही गोष्ट मला तेव्हाही ऐकून माहीत होती. पण ऐकून माहीत असणं आणि हातातल्या पेन्सिलीशी तिचा संबंध जोडणं यात बरंच अंतर आहे. आता तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढलेल्या पोराची खुर्ची-विटा बंद. खरं तर विटाच बंद, सगळ्यांच्या. अंग तापल्यावर, पाय हळूहळू झुलवत, एवढंच.

नेर्यो पूर्ण सोडायला हवी होती का, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात नशीब समजा. कदाचित असेलही. माझा मुद्दा एवढाच की तिच्या खेळात ती किक उरली आहे ती बंदूक दाखवावी तशी, आणि आठ फेऱ्यांत नऊ वेळा घालणं म्हणजे रोज शंभर वेळा घालणं नव्हे.

दर सोमवारी आता प्रत्येक पोर वहीत दोन रकाने भरतं. गेल्या आठवड्यात कुठे दुखलं, आणि बाकावर बसताना दुखतं का. ऋता बारावीत आहे, रविवारची लहान मुलांची बॅच तीच घेते, वह्याही तीच तपासते. गेल्या सोमवारी तेरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या रकान्यात ‘थोडं’ लिहिलं. तिने त्याच्या कंबरेवरच्या सगळ्या किका बंद केल्या आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवायला मला सांगितलं. जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. त्याच्या वडिलांचे मला आतापर्यंत दोन फोन आले आहेत.